कानबाईच्या नवऱ्याच्या मानेवर

श्रावणातल्या एका शनिवारी, सकाळी अकराच्या सुमारास, मी एका देवाच्या मानेवर छिन्नी ठेवली आणि वरून हातोडी मारली. तो देव आहे हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची तसदीच मी घेतली नव्हती, असं माझी बायको म्हणते, आणि या एका बाबतीत मी तिच्याशी वाद घालत नाही.

वर्ष कोणतं ते विचारू नका. नव्वदचं दशक होतं एवढं नक्की. नेमक्या सालावरून आमच्या घरात दोन मतं आहेत आणि माझं मत अर्थातच चुकीचं आहे.

सुरतेला मी जरीच्या कारखान्यात टंच काढायचं काम करायचो. लोकांना वाटतं जरी म्हणजे सोनं. जरी म्हणजे मुळात चांदी. चांदी वितळवून तिची कांडी ओतायची, कांडी ओढून ओढून केसाहून बारीक तार करायची, ती चपटी करून रेशमावर गुंडाळायची आणि सगळ्यात शेवटी वरून सोन्याचा हात फिरवायचा. वऱ्हाडी मंडळी ज्या पदराकडे बघून ‘काय सोनं आहे!’ म्हणतात, त्यातलं सोनं नावापुरतं असतं. बाकी चांदी, आणि त्या चांदीत थोडा मी.

तार ओढायची तर चांदी शुद्ध हवी, नाहीतर तार मध्येच तुटते. शंभर भागांत चांदी किती, हे सांगायचं म्हणजे टंच सांगायचा. पद्धत सोपी. वस्तू निहाईवर, म्हणजे ऐरणीवर, ठेवायची, छिन्नीने एक काप घ्यायचा, कारण लबाडी नेहमी पोटात असते. वर चांदीचा मुलामा, आत तांबं. कापावर तेजाबाचा एक थेंब टाकायचा. हिरवा फेस आला की तांबं. मग मिठाच्या पाण्याचा थेंब. दह्यासारखं पांढरं साकळलं की चांदी. बाकी सगळं डोळ्यांचं काम. माझा अंदाज एका टक्क्याच्या पलीकडे चुकला नाही कधी. घरात मात्र मी दुधाचा अंदाजही चुकतो.

या कामात माणसं फार बघायला मिळतात. एकदा एक जोडपं लग्नात मुलीच्या वडिलांनी दिलेलं चांदीचं ताट घेऊन आलं. मी काप घेतला, थेंब टाकला, तर पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग. नवऱ्याने ताटाकडे बघितलंच नाही, बायकोकडे बघितलं. बावीस वर्षांचा संसार त्या हिरव्या थेंबाभोवती थांबला होता. ती शांतपणे म्हणाली, “बाबांनाही कोणीतरी फसवलं असणार.” नवरा म्हणाला, “तर काय! इतके भोळे ते.” ताट उचललं आणि दोघं निघून गेले. मी चांदीचा टंच सांगू शकतो, पण त्या नवऱ्याचा मला त्या दिवशी डोळ्यांनीच कळला.

तर तो शनिवार. बमरोलीकडे मागावर काम करणारा भगवान नावाचा एक आमच्या खानदेशातला माणूस सकाळीच गाठोडं घेऊन आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं. जुनं मोडून तिला नवं करायचं होतं. तोडे, वाळे, तुटका करदोडा. तो म्हणाला, “भाऊ, मी पाळी संपवून दुपारी येतो, तोवर टंच काढून ठेवा.” मी हो म्हटलं.

गाठोड्याच्या तळाशी एका लाल फडक्याच्या घडीत काळी पडलेली एक चकती होती, रुपयाहून लहान, पण चांगली जाड. कुंकू आणि तेलाचा थर बसलेला. जुने रुपये आमच्याकडे किलोने यायचे. मी मनात म्हटलं, असेल एखादी राणीछाप पावली. मी न बघता छिन्नी ठेवली आणि ठक!

मग मात्र बघतच राहिलो. कापाच्या आतली चांदी अशी काही चमकली की मी निहाईवर वाकलो. तेजाब टाकलं, हिरवेपणाचा मागमूस नाही. मीठ टाकलं, साईचं दही. सत्त्याण्णव! अठ्ठ्याण्णवही असेल! शपथेवर सांगतो, अशी चांदी महिन्यातून एकदा दिसली तरी आम्ही चहा मागवायचो. मी ओरडलो, “शेठ! सत्त्याण्णव!”

आमचे शेठ जयंतीभाई. त्यांच्यापुढे कोणी रडत आलं तरी ते पहिल्यांदा “टंच केटलो?”, टंच किती, असं विचारतील असा माणूस. ते उठून आले, चकती उलटसुलट केली आणि म्हणाले, “आ कोण छे?”

तेव्हा कुठे मी त्या चकतीवरचा माणूस पहिल्यांदा पाहिला. बाजूने काढलेला चेहरा. नाक सरळ, लांब, जरा उर्मट. डोक्यावर पानांचा मुकुट, त्याच्या दोन फिती मागे मानेवर सोडलेल्या. भोवती इंग्रजीसारखी अक्षरं, पण एकही शब्द लागेना. आणि नेमकी त्या मानेवर, फितींच्या खाली, माझी छिन्नी बसलेली. मान कापलेला राजा माझ्याकडे न बघता समोर बघत होता, आणि मला उगीचच ओशाळल्यासारखं झालं.

आमच्याकडे दर शनिवारी एक निवृत्त इतिहासशिक्षक यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. वितळायला जायच्या आधी जुनी नाणी चाळून बघायची शेठनी त्यांना मुभा दिली होती; एखादं आवडलं तर वजनाची चांदी देऊन घेऊन जायचे. बारा वाजता ते नेहमीप्रमाणे आले, नेहमीप्रमाणे चष्मा पुसला, आणि मी चकती पुढे केल्यावर जे झालं ते नेहमीप्रमाणे नव्हतं.

“अडशो नहीं!” ते किंचाळले. हात लावू नका! मी हात वर केले, शेठनीही केले. बाहेरून कोणी बघितलं असतं तर दरोडा पडलाय असं वाटलं असतं.

“रोमन छे,” मास्तर कुजबुजले. मग एकदम मोठ्याने, “अरे, रोमन छे! दोन हजार वर्षं! जहाजातून आलंय हे! मिरी न्यायला, कापड न्यायला, तिकडची चांदी इकडे!” त्यांच्या पायात स्लीपर होती, तिच्यातली एक उडून मुशीपर्यंत गेली. आयुष्यभर त्यांनी हे नाणं पुस्तकातल्या चित्रांत बघितलं होतं. हातात पहिल्यांदाच येत होतं, आणि हात लावायचा त्यांनाच धीर होईना, म्हणून मीच ते धरून फिरवत राहिलो आणि ते लांबून सांगत राहिले.

राजाचं नाव त्यांनी सांगितलं. लांबलचक होतं, मला तेव्हाही म्हणता आलं नाही आणि आता तर आठवतही नाही. पण बाकी सगळं पाठ आहे. डोक्यावर आहे तो लढाई जिंकल्याच्या मानाचा पानांचा मुकुट. त्या राजाच्या आधीचा राजा, म्हणजे त्याचा मानलेला बाप, मेल्यावर लोकांनी देव ठरवला होता. म्हणून या मुलाने आपल्या नाण्यावर भोवताली ‘देवाचा मुलगा’ असं लिहून घेतलं. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात उंच काठी, दुसऱ्या हातात डहाळी, शांततेची देवी. “पण जाणकार म्हणतात,” मास्तर माझ्या कानाशी आले, “तो चेहरा त्याच्या आईचा आहे.”

विचार करा! टपाल नाही, वर्तमानपत्र नाही. राजा कसा दिसतो हे लोकांना सांगायचं कसं? तर प्रत्येकाच्या कनवटीला त्याचा चेहरा बांधायचा. मीठ घ्यायला गेलं तरी राजा बरोबर. माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच दुसरा काटा आला तो वेगळ्या कारणाने. मुशीत माझ्या हातून काळ्या चकत्या काय थोड्या गेल्या होत्या? शनिवारीच काही सगळी चांदी येत नाही. सोमवारी, मंगळवारी मी किती राजे न बघता वितळवले असतील? ते आता कुठल्या तरी शालूच्या काठात असतील, दर लग्नात मिरवत असतील. ही टोचणी अजून गेलेली नाही.

हे सगळं चालू असताना दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. नऊवारी नेसलेली, धापा टाकत होती. तिच्या मागे भगवान, मान खाली.

“मनी कानबाई कोठे शे?” माझी कानबाई कुठे आहे, तिने आमच्या अहिराणीत विचारलं.

माझी बायको परभणीकडची. तिला कानबाई लग्नानंतर कळली, तशी इतरांनाही सांगायला हवी. कानबाई ही आम्हा खानदेशी लोकांची देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला घरी बसवायचं, नटवलेल्या नारळाच्या रूपात. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी असा रोट करायचा, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आमची तापी खानदेशातूनच सुरतेला येते. तिच्या पाठोपाठ आम्ही आलो आणि आमच्या पाठोपाठ कानबाई. रोटाचं एक कडक आहे. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला घासही नाही.

भगवानच्या घरात नारळाशेजारी एक टाकही बसायचा. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव असतात ना, ते टाक. दारातल्या त्या म्हातारीच्या, म्हणजे भगवानच्या आई यमुनाबाईंच्या, सासऱ्याच्या आजोबांना तो तापीकाठी नांगरताना सापडला होता. एका बाजूला कानबाई बसलेली, हातात कण्हेरीची डहाळी. दुसऱ्या बाजूला तिचा नवरा कन्हेर, डोक्याला बाशिंग, मानेवर मुंडावळ्या. दुसरं कोण असणार? चार पिढ्या त्याची पूजा झाली होती. त्या दिवशी भगवानने पेटीतून जुनी चांदी काढली त्यात टाकाचं लाल फडकं चुकून आलं, आणि ते सापडेना तेव्हा म्हातारीने त्याला पाळीवरून उठवून आणलं होतं. आणि उद्याच रविवार होता. कडोद्याहून, बारडोलीहून सगळे भाऊबंद संध्याकाळच्या आत येऊन ठेपणार होते.

मी तळहात पुढे केला. यमुनाबाईंनी कानबाईची बाजू आधी कपाळाला लावली, मग उलटवून बघितलं. कापाची चमक लपण्यासारखी नव्हती.

“नवरदेवनी मान कोनी कापी?”

कारखान्यात मोटर चालू होती म्हणून बरं. मी म्हटलं, “मी, मावशी.”

त्या खालीच बसल्या. रडल्या नाहीत, ते परवडलं असतं. नुसतं म्हणाल्या, “खंडित देवले कोनी पुजस का?”

खंडित देव पुजत नाहीत, तो पाण्यात सोडतात, हे कुणाही मराठी माणसाला सांगायला नको. म्हणजे उद्याची कानबाई गेली. जमलेल्या भाऊबंदांना काय सांगायचं? पोरीचं लग्न तोंडावर असताना देवीच्या नवऱ्याची मान कापली गेली, हा शकुन लोक कुणाच्या माथी मारतील? भगवान भिंतीकडे तोंड करून उभा होता. म्हातारी त्याला एक शब्द बोलली नव्हती, उलट मलाच म्हणाली, “मना आंडोर भोया शे, भाऊ.” माझा मुलगा भोळा आहे. यापेक्षा तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

मास्तर पुढे झाले. वाईट माणूस नव्हे तो, पण तोंडाशी आलेला घास होता. हात जोडून म्हणाले, “माजी, खंडित झालाच आहे, तर नदीत नका टाकू. मला द्या. काचेत ठेवीन, जिवापाड जपेन.” शेठनीही मान डोलावली. सगळ्यांची सोय होत होती. फक्त म्हातारीची कानबाई जात होती.

मला काय सुचलं असेल? काही नाही. मला फक्त आपण केलेलं काम नीट बघायची इच्छा झाली. अपघात करणारा ड्रायव्हर गाडीचा चेपलेला भाग पुन्हा पुन्हा बघतो तसं. म्हटलं, “मावशी, एवढं तेल-कुंकू काढून, धुऊन तरी देऊ का?”

“आंघोय घाल,” त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं शेवटचीच.

रिठ्याच्या पाण्यात मी तो टाक बोटांनी हळू चोळला. चार पिढ्यांचं कुंकू सुटून पाणी लाल झालं. मास्तर “धीरे, धीरे” म्हणत माझ्या खांद्यावर जवळजवळ चढलेच होते. राजाचा कान मोकळा झाला, मग केस, मग फिती, मग मान. माझा काप. आणि माझ्या कापाच्या शेजारी, गव्हाच्या दाण्याइतक्या अंतरावर...

मी भिंग लावलं. भिंग पुसलं, परत लावलं.

“मास्तर,” मी म्हटलं, “इथे आणखी एक काप आहे.”

“तुम्हीच दोनदा मारली असेल!” शेठ म्हणाले.

“मी एकदाच चुकतो, शेठ, पण पुरेसा.” आणि मग मला काही धीर धरवेना. आयुष्यात पहिल्यांदा माझं ज्ञान चांदी सोडून कशाच्या तरी उपयोगी पडत होतं! मी यमुनाबाईंच्या समोर जमिनीवर बसलो आणि भिंग त्यांच्या डोळ्याला लावलं. “मावशी, हा माझा काप बघा. आत लखलखीत, कडा धारदार, बोट लावलं तर टोचेल. आता हा बघा. आतून काळा, कडा गुळगुळीत, देवळाच्या पायरीसारख्या झिजलेल्या. हा काप आजचा नाही, तुमच्या सासऱ्यांच्या वेळचाही नाही. छिन्नीचाच आहे, पोटात तांबं आहे का बघायला मारलेला. नांगराला लागायच्या कितीतरी आधीचा!”

मास्तरांनी भिंग हिसकावलं आणि बघता बघता त्यांचा आवाज चढला. तिकडेही लबाड लोक तांब्यावर चांदी चढवायचे, म्हणून व्यापारी असाच काप घेऊन बघायचे, ते सांगू लागले. इकडे बंदरावर जहाज लागलं असेल, कुणीतरी परक्या राजाचं नाणं हातात घेतलं असेल, निहाईवर ठेवलं असेल आणि ठक! तीच मान. तीच जागा. नाक कसं असू दे, राजा कुणाचा असू दे, आत काय आहे ते बोला!

मला तो माणूस दिसला. खरंच दिसला. धोतर नेसलेला, एक डोळा बारीक केलेला, घरी दुधाचा अंदाज चुकणारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा टंचवाला! माझा भाऊबंद!

मी हे मोठ्याने म्हणालो असणार, कारण यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग टाकाकडे. आणि देवाशी बोलल्यासारखं हळू म्हणाल्या:

“इतला साल ती आमले पावनी. तव्हय काय ती खंडित व्हती?”

इतकी वर्षं पावली, तेव्हाही मानेवर काप होताच की. भगवानने भिंतीकडचं तोंड इकडे फिरवलं.

मास्तरांमधला शिक्षक आता गप्प बसणं शक्य नव्हतं. त्यांनी खरं सांगून टाकलं. हा नवरदेव नव्हे, राजा. याच्या बापाला मेल्यावर देव केलं होतं. यमुनाबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही. “मंग? आमना सासराना बी टाक शे.” मेलेल्या वडीलधाऱ्यांचा टाक करून देवात बसवणं आमच्यात चालतच आलंय. रोमच्या लोकांनी निराळं काय केलं?

“आणि ही मागची त्याची बायको नाही, माजी. आई आहे, असं म्हणतात.”

यावर मात्र त्यांनी टाक उलटा केला, परत सुलटा केला. इकडे मुलगा, त्याच्या पाठीला आई. मग भगवानकडे बघून, त्या दिवसात पहिल्यांदाच, हसल्या.

“राजा व्हयना तरी माय पाठीशीच ऱ्हास.” राजा झाला तरी आई पाठीशीच असते. आणि मास्तरांना, “म्हंजे ती कानबाईच शे. कानबाई माय नही का?”

दोन हजार वर्षांचा इतिहास आणि चार पिढ्यांची पूजा यांचा निकाल तिने बसल्या जागी लावला. मास्तरांनी दोन्ही हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यातलं किती भक्तीचं आणि किती नाणं गेल्याचं, याचा टंच मी काढला नाही.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. “उद्या रोट खावाले ये. बायकोले बी लई ये.”

मी म्हटलं, “मावशी, मी तुमच्या कुळातला नाही. रोट भाऊबंदांचा असतो.”

“मंग? तूच ना म्हणना, पहिला काप करनारा तुना भाऊबंद शे? तो आमना टाकले लागेल. म्हंजे तू बी लागेल.” पहिला काप करणारा आमच्या टाकाला नात्याने लागतो, म्हणून तूही. या नात्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, पण रविवारी पंगतीत माझं पान होतं. मास्तर दारात चप्पल काढून उभे होते आणि कण्हेरीच्या फुलांत बसलेल्या रोमच्या राजाला नमस्कार करत होते. ते रोटाला हात न लावता फक्त बघत राहिले, आणि मला वाटतं पोट त्यांचंच जास्त भरलं.

परतताना बमरोलीच्या रस्त्याने बायकोबरोबर चालत होतो. मी तिला पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून सांगितलं. तिने सकाळी टाक हातात घेऊन दोन्ही काप नीट बघितले होते, तरी सांगितलं. दोन हजार वर्षं! तीच छिन्नी, तीच जागा, तीच मान! मधे किती राज्यं आली, गेली, आणि आमचं काम बघ, तसंच्या तसं!

तिने चालता चालता पदर डोक्यावरून घेतला. मला वाटलं, भारावली.

मग म्हणाली, “दोन हजार वर्षं झाली की हो. अन् तुमच्या लोकायला अजून आधी बघावं अन् मग कापावं, एवढं कळंना व्हय?”